विचारा की! "बाबा, नोव्हेंबरात या, रँचवर हरणाच्या शिकारीला जाऊ"

प्रश्न: नमस्कार. मी खानापूर तालुक्यातला, जांबोटीच्या पुढं आमचं गाव. मराठी शाळेत मास्तर होतो, आता वय ६७. धाकटी लेक टेक्सासमध्ये सॅन अँटोनियोला नर्स आहे, ग्रीन कार्ड झालंय तिचं. तिच्याबरोबर काम करणाऱ्या एका बाईंच्या घरचा रँच, म्हणजे गुरं चरायची मोठी खाजगी जमीन, आहे केरव्हिल गावाच्या बाजूला, आणि लेक दोन वर्षं झाली तिथं हरणाच्या शिकारीला जातेय, रीतसर कोर्स करून, लायसन काढून. आता म्हणूलालीय बाबा नोव्हेंबरात या, आपण दोघं जाऊ, तुम्हीच तर आम्हाला आज्जाच्या शिकारीच्या गोष्टी सांगायचा.

खरं आहे ते. माझ्या वडलांकडं ठासणीची बंदूक होती, आणि मी सात-आठ वर्षांचा असल्यापासनं हाक्यात, म्हणजे जनावर उठवायला, जायचो, डबा बडवत. सांबर पडलं की गावात वाटे पडायचे, बंदूकवाल्याचा वेगळा, हाकेवाल्यांचे वेगळे, आणि ज्या घरात कोण आजारी असेल त्यांना पण एक जायचा. १९७२ ला वन्यजीव संरक्षणाचा कायदा आला आणि वडलांनी नंतर बंदूक फक्त डुकरं हाकलायला बार काढण्यापुरती ठेवली. मी त्यानंतर कधी गेलो नाही.

टुरिस्ट व्हिसावर गेलेल्या माणसानं तिथं बंदूक हातात घेतली तर चालतंय का? माझ्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, जमेल का? शिंगं आणता येतील काय इकडं, वडलांच्या वेळची सांबराची शिंगं घरात होती ती वाटणीत थोरल्या भावाकडं गेली. आणि शेवटचं म्हणजे घरात मंडळी नाराज आहे, म्हणते इथं ज्याला हात लावला तर जेल, तिथं जाऊन तेच करायचं हे बरोबर काय? त्यावर मला पण झोप लागेना.
— एक वडील, खानापूर तालुका

उत्तर: दादा, तुमचं पत्र वाचून मी जरा वेळ तसाच बसलो, कारण माझा मुलगा पण तिकडंच आहे, ऑस्टिनच्या बाजूला, आणि मी त्याच्याबरोबर दोन सीझन रँचवर जाऊन आलोय. म्हणजे हे मी ऐकीव सांगत नाही.

आधी कागदाचं बघू, कारण तुमचा पहिला प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि बरेच आई-वडील तो विचारतच नाहीत, पोरगा म्हणाला धर म्हणून धरतात. अमेरिकेच्या केंद्र सरकारचा कायदा असा आहे की टुरिस्ट व्हिसावर किंवा असल्या कुठल्याही तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या माणसानं बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगायचं नाही. त्याला सूट आहे ती ज्याच्याकडं तिथलं शिकारीचं लायसन आहे त्याला. तेव्हा लायसन खिशात पडेपर्यंत बंदुकीला हात लावायचा नाही, नेम धरून बघायला नाही, फोटोपुरती नाही, नुसती गाडीतनं उतरवून द्यायला पण नाही. तुमच्या लेकीचं ग्रीन कार्ड आहे म्हणून तिला ही अडचण नाही, पण नोकरीच्या एच-वन-बी व्हिसावर असलेल्या पोरांना हाच नियम लागतो, हे वाचणाऱ्या इतरांनी पण ध्यानात ठेवा.

लायसन टेक्सास पार्क्स अँड वाइल्डलाइफ खात्याचं, ऑनलाइन मिळतं, दुकानात पण मिळतं. बाहेरच्या माणसाला तिथल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणासाठी, म्हणजे व्हाइटटेलसाठी, ३१५ डॉलरचं मोठं लायसन लागतं. पण पाच दिवसांचं एक छोटं लायसन असतंय ४८ डॉलरचं, त्यात व्हाइटटेल मारता येत नाही, मात्र बाहेरनं आणून सोडलेली जनावरं चालतात. आणि ही बाहेरची जनावरं म्हणजे कोणती म्हणाल तर आपलं चितळ. होय दादा, चितळच. १९३२ च्या सुमारास टेक्सासमध्ये चितळं नेऊन सोडली, ती आता केरव्हिलच्या आसपासच्या सगळ्या डोंगराळ भागात पसरलीत, तिकडं त्यांना ॲक्सिस म्हणतात. काळवीट पण त्याच काळात नेलं, म्हणजे आपल्याकडं कन्नडमध्ये जिला चिगरी म्हणतात, हुबळी-धारवाडच्या त्या बसला नाव आहे बघा, ती चिगरी तिकडं रँचवर चरतेय. मी पहिल्यांदा रँचवर संध्याकाळी चितळाची हाक ऐकली तेव्हा मला वाटलं आपण दांडेलीच्या रस्त्याला उभे आहोत, आणि मुलाला मी म्हटलं अरे हे आपलं जनावर आहे, तर तो म्हणाला बाबा म्हणूनच तुम्हाला इथं आणलं.

चितळाला तिथं सीझन नाही, जमीनमालकाची परवानगी असेल तर वर्षभर चालतंय. व्हाइटटेलचा मुख्य सीझन नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी सुरू होतो आणि केरव्हिलच्या भागात जानेवारीच्या पहिल्या रविवारी संपतो. वेळ सूर्योदयाआधी अर्ध्या तासापासनं सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत, रात्री बॅटरी मारून हरीण मारणं तिथं पण गुन्हा आहे. २ सप्टेंबर १९७१ ला किंवा नंतर जन्मलेल्यांना शिकारीचा कोर्स सक्तीचा आहे, तुम्ही त्याच्या आधीचे, म्हणजे तुम्हाला सूट. पण माझं ऐका, सूट असली तरी कोर्स कराच, ऑनलाइन होतो, लेक शेजारी बसून समजावेल. मी केला नव्हता आणि पहिल्या सीझनला मला त्याची फार लाज वाटली, कशी ते सांगतो.

आपण हाक्यात वाढलेली माणसं. तुम्ही डबा बडवला, मी पण माझ्या मामाच्या गावात बडवलाय. हाका म्हणजे आवाज, पळापळ, तीस-चाळीस माणसं, कुत्री, कुणी कुठं कुणी कुठं, जनावर उठलं की आरडाओरडा, आणि बार झाला की सगळे त्या दिशेनं धावणार. आपल्या अंगात ती शिकार बसलीय आणि आपल्याला वाटतं आपल्याला शिकार येते. रँचवरचं सगळं त्याच्या उलटं आहे. तिथं चार खांबांवर एक छोटी खोली असते, ब्लाइंड म्हणतात, आपल्या शेतातल्या माळ्यासारखी पण बंद, तीन बाजूला लांबट खिडक्या. अंधारात जाऊन बसायचं. समोर ऐंशी-शंभर यार्डांवर मक्याचा फीडर टांगलेला असतो, ठरलेल्या वेळेला मोटर फिरते आणि खर्रर्र करून मका पडतो, हे तिथं कायदेशीर आहे. मग बसायचं. दोन तास, तीन तास, खोकला आला तर तोंडात गोळी धरायची, तंबाखू मळायची नाही, खुर्ची करकरली तरी हरणं मान वर करतात.

माझ्या पहिल्या शिकारीला, डिसेंबर होता, पाण्याच्या बाटलीवर दव गोठलेलं. आधी तीन माद्या आल्या, त्यांच्यामागनं वीस मिनिटांनी नर. मुलानं कानात सांगितलं, थांबा, आडवा होऊ दे, पुढच्या पायाच्या मागं, खालच्या बाजूला. मी बार काढला. हरणानं एक उंच उडी मारली आणि ते झाडीत गेलं. आणि मी उठलो, काय विचार न करता उठलो, दार ढकलायला हात गेला माझा, बंदूक दुसऱ्या हातात तशीच. मुलानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि एवढंच म्हणाला, "बाबा, बसा. अर्धा तास." बंदूक हळूच माझ्याकडनं घेतली, काडतूस काढलं, नळी खिडकीच्या बाजूला करून उभी केली, आणि थर्मासमधला चहा ओतून दिला. मला राग आला होता. ज्याला मी सायकल शिकवली तो मला बस म्हणतोय. तो अर्धा तास मी चहाच्या कपाकडं बघत काढला.

मग खाली उतरलो. जिथं हरीण उभं होतं तिथं चुनखडीचे पांढरे खडे, आणि एका खड्यावर गुलाबी रक्त, बारीक फेस असलेलं. मुलगा उकिडवा बसला आणि बोटानं दाखवलं, हे बघा बाबा फेस आहे म्हणजे फुप्फुसाला लागलंय, लांब गेलेलं नाही. रक्त काळपट लाल असतं तर यकृत, मग तीन-चार तास थांबलो असतो, आणि हिरवट असून वास आला असता तर पोट, मग सहा-आठ तास, नाहीतर आपण मागं लागलो की ते जखमी जनावर दोन-दोन मैल पळतं आणि कुठंतरी कण्हत मरतं, सापडत नाही. साठ पावलांवर ओकच्या झाडाखाली पडलेलं होतं. त्यानं लायसनला जोडलेला टॅग काढला, त्यावरचा महिना नि तारीख चाकूनं कापली, रँचचं नाव लिहिलं, शिंगाला बांधला, मग बाह्या वर केल्या आणि पोट फाडून आतडी काढायला बसला. घरी असताना कोंबडी कापायची म्हटली की हा मागच्या दारानं पळून जायचा. मी नुसता पाय धरून उभा होतो.

दादा, लहानपणी हाक्यात आपण किती जनावरं अशी घालवली असतील, बार लागला आणि सगळे मागं पळाले आणि ते सापडलंच नाही, याचा विचार मी त्या दिवशी पहिल्यांदा केला.

म्हणून तुम्हाला माझं सांगणं एवढंच आहे की तिथं जाताना शिकार येणारा बाप म्हणून जाऊ नका. त्या रानात थोरली ती आहे. ती बस म्हणाली की बसायचं, ती नको म्हणाली की बार काढायचा नाही, समोर केवढाही नर उभा असू दे. तिथल्या बऱ्याच जिल्ह्यांत नराच्या शिंगांचं माप बघूनच मारता येतं, दोन शिंगांच्या आतलं अंतर १३ इंच पाहिजे नाहीतर एक शिंग तरी फाटा न फुटलेलं पाहिजे, हे शंभर यार्डांवरनं तिला कळेल, तुम्हाला कळणार नाही. पहिल्या सकाळी तर बंदूक घेऊच नका, दुर्बीण घ्या. पहिला बार लेकीला काढू द्या आणि तुम्ही बघा ती कशी थांबते. दुपारी रँचवरच टार्गेट लावून दहा-पंधरा गोळ्या मारून बघा, मग संध्याकाळचं ठरवा.

डोळ्याचं म्हणाल तर मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यानं दुर्बिणीतनं छान दिसतं, लांबचं तर जास्तच, पण डॉक्टरांना एकदा विचारा आणि ऑपरेशनला किती महिने झाले ते सांगा. भीती दुसरीच आहे. रायफलीवरच्या दुर्बिणीला डोळा अगदी टेकवला तर धक्क्यानं ती मागं येऊन भुवई फोडते, तीन-चार इंच अंतर ठेवायचंच. लेकीला सांगा हलक्या धक्क्याची रायफल दे, २४३ किंवा साडेसहा क्रीडमूर, हरणाला ती पुष्कळ झाली. कानाला मफ लावायचे, तुमच्या वयात त्या एका बारानं कान आठ दिवस वाजत राहतो. नारिंगी जाकीट खाजगी रँचवर सक्तीचं नसतं, तरी घाला. आणि बंदूक भरलेलीच आहे असं धरून चालायचं, नळी माणसाकडं कधी नाही, ट्रिगरवर बोट नेम धरल्यावरच, हरणाच्या मागं काय आहे ते बघितल्याशिवाय बार नाही.

रँचच्या हद्दीवर झाडांना, खांबांना जांभळ्या रंगाचे उभे पट्टे दिसतील. तो टेक्सासचा कायदाच आहे, जांभळा पट्टा म्हणजे पलीकडं पाय टाकायचा नाही, मग हरीण तिकडं जाऊन पडलेलं असलं तरी शेजारच्या मालकाला फोन केल्याशिवाय नाही. आपल्याकडं रान म्हटलं की सगळ्यांचं, बांध ओलांडला तरी कोण काय म्हणत नाही, तिथं टेक्सासची नव्वद टक्क्यांहून जास्त जमीन खाजगी आहे आणि ते लोक या बाबतीत फार कडक.

आता झोप न येण्याचं. हे मी सगळ्यात शेवटी ठेवलं कारण त्याला मला पण वेळ लागला. घरच्यांना सांगा की जनावर तेच असलं तरी रान ते नाही. आपल्या खानापूरच्या रानात भेकर, सांबर, चितळ हे वाघाचं, बिबट्याचं, रानकुत्र्यांचं खाणं आहे. माणसानं ते खाऊन संपवलं होतं म्हणून १९७२ चा कायदा आला, आणि आता कुठं भीमगड २०११ ला अभयारण्य झाल्यावर तिथं जरा जीव धरलाय. इथं एक सांबर मारलं तर वाघाच्या ताटातलं काढलं. टेक्सासमध्ये लांडगे माणसानं कधीच संपवले, हरणं ४० लाखांच्या वर झालीत, आणि त्यात हे चितळ बाहेरचं, ते तिथल्या हरणांचा चारा खातं. जी वाढतात ती दुष्काळात खंगून मरतात नाहीतर रस्त्यावर गाड्यांखाली येतात. शिवाय तिथं बंदुका-रायफलींवर आणि काडतुसांवर ११ टक्के कर आहे, १९३७ च्या कायद्यानं तो पैसा रानासाठी, जनावरांसाठीच राज्यांना जातो. हे सगळं खरं आहे आणि मला पटलेलं आहे. तरी पण हरीण पडल्यावर जवळ जाऊन त्याच्या डोळ्याकडं बघितलं की पोटात कालवतंच, ते दोन सीझननंतर पण होतं, आणि होऊ नये असं मला वाटत नाही. तुमचं मन अजिबात घेत नसेल तर लेकीला विमानात बसायच्या आधी खरं सांगा, की मी येतो, तुझ्या शेजारी बसतो, बार काढणार नाही. मला नाही वाटत ती नाराज होईल. तिला पाहिजे ती तुमची सोबत, त्या खोलीत तीन तास शेजारी बसून मोबाईल न बघता, कुजबुजत बोलणारा बाप, तो तिला फोनवर कुठनं मिळणार.

शिंगं आणायची नाहीत, ना चितळाची ना कुठली. बाहेरनं जनावराचे अवयव इकडं आणायला परवानग्या लागतात, आणि चितळ आपल्याकडं कायद्यानं संरक्षित, विमानतळावर तुम्ही कुणाला सांगत बसणार हे टेक्सासचं आहे म्हणून. लेकीच्या घरात भिंतीवर लावा. थोरल्या भावाकडं जी जुनी सांबराची शिंगं आहेत त्यांचं पण विचारा, वनखात्याकडं नोंद करून मालकीचं सर्टिफिकेट घेतलं होतं का, २००३ ला त्यासाठी सरकारनं शेवटची मुदत दिली होती. नसेल तर चांगल्या वकिलाला दाखवा, झाकून ठेवू नका.

आणि फोटो. पडलेल्या चितळाबरोबरचा फोटो स्टेटसला ठेवू नका, गावच्या ग्रुपवर तर नाहीच. चार ठिकाणी फॉरवर्ड होऊन तो भीमगडचा होतो आणि फॉरेस्टवाले दारात येतात, लायसन दाखवून सुटाल पण तोवर मनस्ताप. लेकीबरोबर ब्लाइंडच्या पायरीवर बसलेला फोटो काढा, तो ठेवा.

प्रश्न: आमचं नंदगड भागात सहा एकर, भात आणि ऊस. बाबांच्या नावावर पीक संरक्षणाच्या लायसनची बंदूक आहे. डुकरं रोज रात्री उसात, गवे वेगळेच. अमेरिकेत बाप-लेक आपल्या जमिनीवर शिकार करतात ते व्हिडिओ बघतो, मग आम्ही आमच्या स्वतःच्या शेतात का नाही करायची? बाबांना आता नीट दिसत नाही, मी चालवली तर? — वय २८

उत्तर: तुझा राग मला कळतो बाबा, रात्रभर जागून सकाळी आडवा झालेला ऊस बघितला की कुणाचंही डोकं फिरेल. पण सरळ उत्तर नाही असं आहे, दोन्ही प्रश्नांना.

जमीन तुझी असली तरी जनावर तुझं होत नाही आपल्याकडं. रानडुक्कर पण कायद्याच्या यादीत आहे आणि पिकाचं नुकसान करणारं असलं तरी वनखात्याच्या अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीशिवाय मारता येत नाही. गवा, सांबर याचा तर विचारच करू नको. आणि लायसन बंदुकीचं नसतं, माणसाचं असतं. बाबांच्या लायसनवर तुझं नाव चढलेलं नसेल तर ती बंदूक घेऊन बांधावर उभं राहणं हाच गुन्हा झाला, बार काढला नाही तरी. त्यात पीकही जाईल आणि बाबांचं लायसन पण, जे इतकी वर्षं इलेक्शन आलं की ठाण्यात जमा करून, परत आणून, रिन्यू करत सांभाळलंय त्यांनी.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो, कुंपणाला करंट सोडू नको. शेजारचा माणूस पहाटे पाणी पाजायला येतो त्याला ते माहीत नसतं.

नुकसान झालं की त्याच दिवशी फोटो काढायचे, उतारा घेऊन वनखात्याच्या रेंज ऑफिसात अर्ज द्यायचा, पंचनामा होईपर्यंत तो भाग तसाच ठेवायचा. अर्जाची पोच घ्यायची, तारीख असलेली. सोलर कुंपणाच्या सबसिडीची पण तिथंच चौकशी कर, चार-पाच शेतकरी मिळून लाइन ओढली तर खर्च वाटला जातो. तोवर माळा बांध, बॅटरी, फटाके, डबे, जे आपले आज्जे करायचे ते. बाबांना दिसत नसलं तरी कान असतील ना, डुक्कर कुठल्या बाजूनं उसात शिरतंय ते त्यांना तुझ्या आधी कळेल. त्यांना रात्री माळ्यावर बरोबर ने.

प्रश्न: मी चिकोडीची, सध्या डॅलसला मुलाकडं सहा महिन्यांसाठी. मिस्टर आणि मुलगा दर शनिवारी शिकारीला जातात आणि फ्रीजर हरणाच्या मटणानं भरलाय. मी आपल्या पद्धतीनं केलं तर चिवट होतं आणि एक वास येतो. खाणं सेफ आहे ना? — एक आई

उत्तर: वहिनी, वास येतो तो चरबीचा. बोकडाची चरबी आपण चवीला ठेवतो, हरणाची एकूणएक काढायची, पांढरी दिसली की काढायची, आणि मांसावरचा तो चंदेरी पापुद्रा पण धारदार सुरीनं सोलून काढायचा, तोच चिवट होतो. व्हाइटटेलला वास जास्त, चितळाला जवळजवळ नाहीच, मिळालं तर ते आणायला सांगा. कापल्यावर लगेच फ्रीजरमध्ये टाकू नका, कूलरमध्ये बर्फावर तीन-चार दिवस ठेवायचं, खालचं पाणी रोज काढून टाकत, मांस पाण्यात बुडता कामा नये.

मग मांडीचं मांस असेल तर दही, आलं-लसूण, हळद लावून रात्रभर. पाठीच्या कण्याजवळची जी लांब पट्टी असते ती शिजवूच नका कुकरला, त्यात चरबी नाही म्हणून ती कोरडी पडते, तव्यावर तेल गरम करून दोन्ही बाजूंनी मोजून तीन-चार मिनिटं, वर मीठ आणि मिरपूड. खांदा आणि नळीची हाडं मात्र कुकरला, सहा-सात शिट्ट्या, कांदा-खोबरं काळपट होईपर्यंत भाजून वाटण, आपलं तिखट, आणि तेल नेहमीपेक्षा एक पळी जास्त, कारण जनावराची स्वतःची चरबी आपण काढून टाकलीय.

सेफ आहे का म्हणाल तर दोन गोष्टी बघा. गोळी लागली त्याच्या भोवतीचं हातभर मांस टाकून द्यायचं, शिशाचे बारीक कण लांबपर्यंत उडतात, घरात लहान नातवंडं असतील तर मुलाला तांब्याची गोळी वापरायला सांगा. दुसरं म्हणजे तिथं हरणांना मेंदूचा एक रोग आहे, क्रॉनिक वेस्टिंग, टेक्सासमध्ये २०१२ ला पहिल्यांदा सापडला. माणसाला झाल्याचं अजून कुठं आढळलेलं नाही, पण रोग असलेलं मांस खाऊ नका असं तिथलं आरोग्य खातं सांगतं. मुलाला विचारा ज्या भागात मारलं तिथं तपासणीची सोय आहे का, असेल तर रिपोर्ट येईपर्यंत त्या पिशवीवर तारीख लिहून ती वेगळी ठेवा. मेंदू आणि मणक्यातला मगज खायचा नाही, मिस्टरांना भेजा फ्राय कितीही आवडत असला तरी.

फ्रीजर भरला असेल तर तिथं हंटर्स फॉर द हंग्री म्हणून कार्यक्रम आहे, त्यात सामील असलेल्या मीट प्रोसेसरकडं अख्खं हरीण दिलं की ते मांस गरजू लोकांना जातं. पुढच्या शनिवारी मिस्टर निघायच्या आधीच सांगून ठेवा, हे पडलं तर थेट तिकडं.